मन मेंदूच्या पलीकडे काही असतं का? मला तरी पटत नाही

पर्वतीपायथा :

परवा टिळक रोडला एका व्याख्यानाला गेलो होतो, मृत्यूनंतर मनाचं काय होतं असा विषय. हॉल गच्च भरलेला, मागे लोक उभे. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मेंदू म्हणजे नुसता रेडिओ, मन म्हणजे बाहेरून येणारा कार्यक्रम, आणि रेडिओ बिघडला म्हणून स्टेशन काही बंद पडत नाही. टाळ्या कडकडून पडल्या. प्रश्न विचारायला वेळच ठेवला नव्हता म्हणून इथे लिहितोय.

माझं मत सरळ आहे, मन हे शरीराचंच काम आहे. मेंदूचं, आणि मेंदूला पोसणाऱ्या बाकी सगळ्या अवयवांचं. त्यापलीकडे वेगळं काही असल्याचा धड पुरावा मला आजवर कुणी दिलेला नाही आणि उलट बाजूचा पुरावा मात्र घरोघर पडलाय.

माझ्या मावशीचं सांगतो. काका गेल्यानंतर ती हळूहळू विसरायला लागली, गॅस चालू ठेवायची, तेच तेच परत सांगायची, त्यात चिडचिड आणि संशय, कामाला येणाऱ्या बाईंवर चोरीचा आळ घेऊन मोकळी. सगळे म्हणाले मनाने खचलीय, एकाने तर नारायणपूरच्या दत्तमंदिरात नेऊन आणा म्हणून सुचवलं. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी बी ट्वेल्व जीवनसत्त्व तपासलं तर ते पार तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत ती परत पूर्वीसारखी, शब्दकोडं सोडवणारी, बाईंच्या मुलीची फी आठवणीने देणारी. आता ते खचलेलं मन नक्की कुठे होतं सांगा. आणि हे काही एकट्या मावशीचं नाही, आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने मध्यमवयीन पुरुष तपासले होते, २००६ साली ते प्रसिद्ध झालं, ४४१ पैकी सुमारे ६७ टक्के लोकांत बी ट्वेल्व कमी निघालं. किती घरांत स्वभाव म्हणून जे सोसलं जातंय ते खरंतर रक्तातलं असेल याचा विचार करून मला फार वाईट वाटतं.

कंपवाताच्या काही गोळ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करतात. त्या घेणाऱ्यांपैकी काही जणांना, ज्यांनी जन्मात पत्ते हातात धरले नाहीत अशांनाही, जुगाराची ओढ लागते, आणि गोळी कमी केली किंवा बंद केली की बहुतेकांची ती ओढ ओसरते. हे न्यूरोलॉजिस्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवतात. आता यात रेडिओ कुठे बसतो? रेडिओ बिघडला तर खरखर येईल, आवाज जाईल, पण बातम्या वाचणारा माणूस जुगारी होणार नाही. इथे तर कार्यक्रमच बदलतो. फिनियास गेजचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असेल, १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना साडेतीन फुटी लोखंडी पहार गालातून घुसून डोक्यातून बाहेर आली. माणूस जगला, बोलत होता, चालत होता, पण त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की ओळखीचे लोक म्हणायचे हा आमचा गेज नाही. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाचं फिट्ससाठी ऑपरेशन केलं, दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा तुकडा काढला, त्यानंतर २००८ ला जाईपर्यंत त्याच्या मनात एकही नवी आठवण धड टिकली नाही.

म्हणून माझं आव्हान. मेंदूत काहीच बदललं नाही पण मन बदललं, असं एक उदाहरण दाखवा. एकच.

आळंदीरोड :

साहेब, मावशी बऱ्या झाल्या हे वाचून बरं वाटलं. पण तुम्ही रेडिओची जी थट्टा केलीत ती काही परवाच्या वक्त्यांची कल्पना नाही. विल्यम जेम्स, ज्यांना अमेरिकन मानसशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांनी १८९८ साली हेच मांडलं होतं की मेंदू मन तयार करतो असंच का धरायचं, तो मनाला वाट करून देत असेल असंही असू शकतं. दोन्हींत मेंदूला इजा झाली की मनावर परिणाम दिसणारच, म्हणजे तुमची सगळी उदाहरणं दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडतात.

मी वारी करतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि माझ्यासोबत गुडघे पार झिजलेली, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेली माणसं दिवे घाट चढतात. शरीर नाही म्हणत असतं आणि ती चढतात. हे कोण चढतंय मग?

आणि एक उदाहरण मागितलंत ना? हॉलंडमधल्या पिम व्हॅन लॉमेल या हृदयरोगतज्ज्ञांनी २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापलाय, हृदय बंद पडून परत आलेले ३४४ पेशंट, त्यातल्या ६२ जणांनी मृत्यूच्या उंबरठ्यावरचे अनुभव सांगितले, प्रकाश, गेलेले नातेवाईक, स्वतःचं शरीर बाहेरून दिसणं. रक्तपुरवठा थांबला की मेंदूचा आलेख काही सेकंदांत सपाट होतो. मेंदू बंद आणि मन चालू. तुमच्या आव्हानाच्या पुढचीच गोष्ट झाली की नाही ही?

भूलवाली :

मी भूलतज्ज्ञ आहे, कोथरूडला. रोज माणसांची शुद्ध घालवणं आणि परत आणणं हेच माझं काम, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते.

आळंदीरोड काका, त्या ६२ जणांचा अनुभव खराच आहे, ते खोटं बोलतात असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो अनुभव नक्की कुठल्या मिनिटाला आला हे कळत नाही. आलेख सपाट असताना आला, की बंद पडायच्या आधी, की मेंदू परत जागा होत असताना? पेशंट नंतर सांगतो, आणि भुलीतून उठणाऱ्या माणसाला वेळेचं भान किती असतं ते मी रोज बघते, तीन तासांचं ऑपरेशन झालेलं असतं आणि पेशंट विचारतो सुरू कधी करणार.

हे तपासायचा प्रामाणिक प्रयत्न झालाय. सॅम पार्निया यांच्या टीमने इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रियातल्या १५ हॉस्पिटलांत छताजवळ फळ्या लावल्या, त्यावर चित्रं ठेवली, वरून बघितलं तरच दिसतील अशी. २०१४ ला निकाल आला. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, त्यातून मुलाखत देता आली अशा १४० व्यक्ती, मृत्यूसमीप अनुभव ९ जणांना. प्रत्यक्ष आजूबाजूचं पाहिल्याऐकल्याचं सांगणारे दोन, आणि दोघांचंही हृदय जिथे फळी नव्हती अशा खोलीत बंद पडलं. त्यातल्या एकाने खोलीतलं वर्णन बरंचसं बरोबर केलं हेही खरं. म्हणजे सिद्धही झालं नाही आणि खोटंही ठरलं नाही. शिवाय २००२ मध्ये जिनिव्हाला ओलाफ ब्लांके यांनी फिट्सच्या एका पेशंट बाईंच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी बारीक करंट दिला तर त्या म्हणाल्या मी मला वरून बघतेय, पलंगावर पडलेली. करंट थांबवला की ते थांबायचं. केटामाइन हे भुलीचं औषध दिलेले आमचेही काही पेशंट तरंगत होतो म्हणून सांगतात.

पण पर्वतीपायथा, तुम्ही लिहिता तितकं सोपंही नाहीये हे. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेत गेलं की अर्ध्या मिनिटाच्या आसपास माणूस बोलता बोलता नाहीसा होतो. ते कुठल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुठल्या जागी, बसतं ते मला पाठ आहे. पण तिथून पुढे "कुणीतरी आत होतं" ते "आता कुणी नाही" हा प्रवास कसा होतो, ते रिसेप्टरच्या आकृतीत कुठेही लिहिलेलं नाही. आणि बाहेरून बघून आत कुणी आहे की नाही हे ओळखण्यात डॉक्टरही चुकतात. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या मुलीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, तर तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो धडधाकट माणसाचा उजळतो. सगळे तिला भान नाही म्हणून धरून चालले होते आणि ती ऐकत होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मी बेशुद्ध पेशंटच्या उशाशी उभं राहून काहीही बोलत नाही, आणि नातेवाइकांनाही बोलू देत नाही.

गोधडी :

भूलवालींनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. मला मृत्यूनंतरचं काही माहीत नाही आणि त्यात रसही नाही. माझा प्रश्न जिवंत माणसाचा आहे.

दात दुखतो. नसेतून सिग्नल गेला, मेंदूत अमुक भाग पेटला, हात गालावर गेला, तोंडातून आई गं निघालं, हे सगळं तुम्ही शरीराच्या भाषेत सांगाल आणि मी मान्य करीन. पण ते दुखतं का? एवढी सगळी यंत्रणा काहीही न दुखता चालू शकली असती की, सिग्नल आत, हात गालावर. मग हे आतून जाणवणं कशासाठी आणि कुठून? थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७४ साली विचारलं होतं की वटवाघळाच्या कानांची, मेंदूची इत्थंभूत माहिती जमवली तरी वटवाघूळ असणं कसं वाटतं हे त्यातून कळतं का. नाही कळत. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यालाच अवघड प्रश्न म्हणतात. १९९८ मध्ये क्रिस्टोफ कॉख या मेंदूवैज्ञानिकांनी त्यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांसमोर कॉख यांनी पैज हरल्याचं मान्य केलं आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. कॉख हे काही बुवा नाहीत, आयुष्य मेंदूच्या संशोधनात घातलेला माणूस आहे.

तुम्ही दाखवता ते सगळं "हे बदललं की ते बदलतं". दोन गोष्टी सोबत बदलतात म्हणून त्या एकच आहेत असं होत नाही.

पर्वतीपायथा :

एकेक घेतो.

आळंदीरोड, वारीबद्दल मला आदर आहे, माझे आजोबा माळकरी होते. पण घाट चढताना वेदना कमी होते ती शरीरातच कमी होते. १९७८ चा प्रयोग आहे, अक्कलदाढ काढलेल्या लोकांना औषध म्हणून नुसतं सलाइन दिलं, काहींचं दुखणं खरंच कमी झालं, मग नॅलोक्सोन दिलं जे अफूच्या जातीच्या द्रव्यांना अडवतं, तर दुखणं परत आलं. म्हणजे विश्वासाने जो आराम मिळाला तो शरीराने स्वतः बनवलेल्या द्रव्यातून मिळाला. विश्वास खोटा ठरत नाही यात, पण तो शरीराला वगळून काम करत नाही.

गोधडी, पैज हरले म्हणजे अजून सापडलं नाही, एवढंच. एकेकाळी लोक छातीठोकपणे म्हणायचे की जिवंत शरीरात जी द्रव्यं तयार होतात त्यांना एक वेगळी प्राणशक्ती लागते, १८२८ साली वोहलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि तिथून ती समजूत ढासळायला लागली. आज कळत नाही म्हणून उद्या कळणार नाही, आणि कळत नाही म्हणून तिथे वेगळंच काहीतरी आहे, या दोन्ही उड्या मला मान्य नाहीत. शिवाय वेगळं मन मानलं की त्याहून मोठी अडचण उभी राहते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं मांडली तेव्हा बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये त्याला पत्र लिहून विचारलं की ज्याला आकार नाही, जे जागा व्यापत नाही ते शरीराला हलवणार कसं. देकार्तला शेवटपर्यंत नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या, मी ऐकायला तयार आहे.

गोधडी :

युरियाची गोष्ट इथे लागू नाही. प्राणशक्तीवाल्यांना काय समजत नव्हतं, तर शरीर पचन कसं करतं, वाढतं कसं, द्रव्यं कशी बनवतं. ही सगळी कामं आहेत, आणि काम कसं होतं ते दाखवलं की प्रश्न संपतो. दुखणं जाणवणं हे काम नाहीये, सगळी कामं सांगून झाल्यावरही ते उरतंच. आणि एलिझाबेथच्या प्रश्नाने देकार्त अडकला, मी कुठे अडकतोय, मी कधी म्हटलं की वेगळं तत्त्व येऊन धक्का देतं? मी एवढंच म्हणतोय की तुमच्या चित्रात एक कोपरा कोरा आहे आणि तुम्ही तो भरल्यासारखं बोलताय.

पोथीवाली :

संस्कृतची विद्यार्थिनी आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

इथे सगळे असं धरून चाललेत की आपली परंपरा मनाला शरीराच्या पलीकडचं मानते आणि विज्ञान त्याच्या विरुद्ध आहे. पण छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय बघा. उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला, सांगतात पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी हवं तेवढं पी. पंधरा दिवसांनी म्हणतात, ऋचा म्हण. बारा वर्षं वेद शिकून आलेला मुलगा, त्याला एक ओळ आठवत नाही. मग जेव म्हणतात. जेवल्यावर जे विचारतील ते सगळं आठवतं. आणि मग वडील सांगतात, अन्नमयं हि सोम्य मनः, मन अन्नाचं बनलेलं आहे. पर्वतीपायथांच्या मावशींची गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक काय आहे सांगा.

सांख्य दर्शनात मन, बुद्धी, अहंकार तिन्ही प्रकृतीचेच, म्हणजे जड सृष्टीचेच. गीतेच्या सातव्या अध्यायात भूमी, आप, अनल, वायू, आकाश यांच्याच ओळीत मन, बुद्धी, अहंकार येतात, अष्टधा प्रकृती. न्याय-वैशेषिक दर्शनांत तर मन हे एक अणुएवढं द्रव्य आहे, अचेतन. म्हणजे गोळीने मन बदलतं हे ऐकून सांख्यांचे कपिल, वैशेषिकांचे कणाद कुणीही दचकणार नाही. त्यांचा वाद पुढचा आहे, की हे मन ज्याला दिसतं तो कोण? गोधडी ज्या कोऱ्या कोपऱ्याबद्दल बोलताहेत तोच.

आणि शरीरापलीकडे काही नाही या चार्वाकांच्या मताला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या भाष्यात उत्तर दिलंय. रूप हा देहाचा धर्म, तो मेल्यावरही देहात दिसतो. चैतन्य देहाचाच धर्म असता तर देह असेपर्यंत दिसायला हवं होतं. देह तसाच पडलेला असतो आणि चैतन्य नसतं. म्हणजे ते देहाचं नाही.

पर्वतीपायथा :

पोथीवाली, श्वेतकेतूबद्दल मनापासून आभार, हे मला माहीत नव्हतं आणि आता जाईन तिथे सांगणार आहे. स्वतःच्या मुलावर केलेला प्रयोग, आधी नंतर तुलना, निष्कर्ष, सगळं आहे त्यात.

पण शंकराचार्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. मेलेल्या देहात श्वास नसतो, रक्ताभिसरण नसतं, पचन नसतं. म्हणून पचन देहाचं नाही असं आपण म्हणत नाही. देह तसाच पडलेला नसतो, त्यातली कामं थांबलेली असतात. आज कायदाही हेच धरून चालतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूच्या मुळाचं काम कायमचं थांबलं की मृत्यू, चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं आणि मग व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असताना, हात गरम असताना, माणूस गेला असं जाहीर करतात. आणि त्याचं हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडायला लागलं तरी तो तिथे गेला असं कुणी मानत नाही.

आणि तो साक्षी, ज्याला सांख्य पुरुष म्हणतात, जो नुसता बघतो. आठवण मनाची, स्वभाव मनाचा, माया मनाची, आणि मन प्रकृतीचं, शरीराच्या बाजूचं. मग उरलं काय? माझी मावशी गेल्यावर जे उरेल त्याला शब्दकोडी आवडत नसतील, मी आठवत नसेन, तर ती मावशी उरली असं मी कसं म्हणू?

पोथीवाली :

त्याचंही उत्तर आहे त्यांच्याकडे, सूक्ष्म शरीर. स्थूल देह पडला तरी मन, बुद्धी, संस्कार घेऊन सूक्ष्म शरीर पुढे जातं. मला स्वतःला ते पटतं की नाही हा वेगळा भाग, पण पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, पूर्ण मांडायला हवा.

मूळचा_नागपूरकर :

सूक्ष्म शरीराचा विषय निघालाच आहे तर आमच्या नागपूरची केस घ्या. सत्तरच्या दशकात एका मराठी बाईंना अधूनमधून वेगळंच व्यक्तिमत्त्व यायचं, शारदा नावाचं, तेव्हा त्या फक्त बंगाली बोलायच्या, मराठी कळायचं नाही, रेल्वे मोटार असल्या गोष्टी ओळखायच्या नाहीत, आणि आपण बंगालमध्ये राहायचो, सर्पदंशाने गेलो असं सांगायच्या. पुनर्जन्माच्या केसेस अभ्यासणारे इयान स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी याचा अभ्यास करून प्रसिद्ध केलाय. शारदेने सांगितलेली घरच्या पुरुषांची नावं एका बंगाली घराण्याच्या वंशावळीत सापडली. आमच्या घरात मोठी माणसं यावर अजून बोलतात. हे मेंदूने कसं केलं सांगा.

पर्वतीपायथा :

स्टीव्हन्सन यांच्याच लिखाणात आहे की बाईंनी आधी थोडंफार बंगाली वाचायला शिकलेलं होतं आणि बंगालची ओढही होती. ऐकलेलं वाचलेलं कुठे साठतं आणि कधी वर येतं हे माणसाला स्वतःला कळत नाही, बाई नाटक करत होत्या असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांना त्याचा त्रासच झाला असणार.

मुद्दा असा की शरीर बदलून मन पुढे जातं हा दावा तपासता येण्यासारखा आहे, मग तो तपासा ना. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी पत्रिकांचा प्रयोग केला होता, २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद, ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची सांगा म्हटलं. उत्तर पाठवलेल्या २७ जणांचा निकाल नाणं उडवून येईल त्यापेक्षा चांगला नव्हता. दावा करणाऱ्यांना आधी विचारून, नियम ठरवून, कुणाचा अपमान न करता केलेलं काम. पुनर्जन्माच्या बाबतीत मात्र आपण एकेक गोष्ट सांगत बसतो आणि ऐकणारा आधी जे मानत असतो तेच मानत घरी जातो.

सहकारनगर_ताई :

मी सहसा लिहीत नाही. माझ्या वडिलांना मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया आहे. आयुष्यभर अतिशय सभ्य माणूस, आता रस्त्यात अनोळखी बायकांना काहीही बोलतात, नातवाच्या ताटातलं उचलून खातात, आई आजारी पडली तर ढुंकून बघितलं नाही. निदान व्हायच्या आधी नातेवाइकांनी आम्हाला काय काय ऐकवलं, मुळात असाच होता आता खरं रूप बाहेर आलं, मनावर ताबा नाही, साधना कमी पडली. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि रात्र रात्र रडली. एमआरआयमध्ये पुढचा भाग आक्रसलेला दिसला तेव्हा आई म्हणाली, म्हणजे हे हे नाहीत, हा आजार आहे. त्या एका वाक्यावर ती आज उभी आहे.

म्हणून मला या चर्चेत पर्वतीपायथांची बाजू नुसती बरोबर नाही, दयाळू वाटते. मन शरीराच्या पलीकडचं मानलं की आजारी माणसाला दोषी ठरवणं फार सोपं होतं. माझ्या चुलत बहिणीच्या डिप्रेशनच्या गोळ्या सासरच्यांनी बंद केल्या, मनाचं आहे मनानेच बरं कर म्हणून. मधुमेहाला कुणी म्हणतं का असं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. कायद्याला कळलं, घरांना कळत नाही.

आळंदीरोड :

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ज्यांनी तुमच्या वडिलांबद्दल तसं बोलून दाखवलं त्यांनी चूक केली, आणि गोळ्या बंद करणारेही चुकले. मी मनाला देहापलीकडचं मानतो, तरी असं कुणाला कधी बोलणार नाही, आणि माझ्या घरात गोळ्या चालू आहेत, त्या मीच वेळेवर देतो. आत्मा मानणारा माणूस देहाच्या आजाराला कमी लेखतो असं धरू नका. उलट ज्याला वाटतं की आतला माणूस अजून आहे, तो पेशंटशी जास्त जपून वागतो, भूलवाली ताईंनी उशाशी काय बोलायचं त्याबद्दल लिहिलंय तसं.

पण नुसती गोळी पुरत नाही हेही तुम्ही बघितलं असेल. समुपदेशनाने माणसं बरी होतात. तिथे कुठलं रसायन दिलं? फक्त शब्द.

पर्वतीपायथा :

शब्दांनी मेंदूच बदलतो काका. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लुईस बॅक्सटर यांच्या टीमने तेच तेच विचार आणि तीच तीच कृती करत राहण्याच्या आजाराचे पेशंट घेतले, काहींना औषध, काहींना फक्त वर्तनोपचार. जे बरे झाले त्यांच्या मेंदूच्या एका ठरावीक भागातली हालचाल कमी झालेली दिसली, आणि ती दोन्ही गटांत दिसली. गोळीने जिथे बदल झाला तिथेच उपचाराच्या सरावानेही झाला. सहकारनगर ताई, तुमच्या बहिणीसाठी हे मुद्दाम लिहितोय, दोन्ही उपचार एकाच शरीरावर काम करतात, एक घेतला म्हणजे दुसरा कमीपणाचा होत नाही.

गोधडी :

यातून माझाच मुद्दा पुढे जातो. शब्द म्हणजे हवेतली कंपनं. हेच वाक्य तमिळमध्ये त्या पेशंटला सांगितलं असतं तर कंपनं झाली असती, कानाचा पडदा हलला असता, मेंदूत काहीही बरं झालं नसतं. काम केलं ते अर्थाने. मेंदू बदलला हे मान्य, पण तो बदलवला कुणी, तर पेशंटला समजलं याने. आता "समजलं" याचं वजन किती, आकार किती, मेंदूत कुठल्या कप्प्यात ठेवलंय ते दाखवा.

पर्वतीपायथा :

तमिळ येणाऱ्या माणसाच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या ऐकण्याबोलण्याने जी जोडणी झालेली असते ती आपल्यात नाही म्हणून आपल्यावर परिणाम नाही. डाव्या बाजूला ठरावीक जागी पक्षाघाताचा झटका आला तर आपली स्वतःची मराठीही नुसता आवाज होऊन जाते, माणूस ऐकतो आणि अर्थ लागत नाही. अर्थ जर शरीरापलीकडे असता तर रक्ताच्या एका गुठळीने तो कसा गेला? वजन विचारू नका, कारण पळण्यालाही वजन नसतं, तरी पळतात ते पायच.

गोधडी :

गुठळीने अर्थ लावण्याचं काम गेलं, हे मी पहिल्या उत्तरापासून मान्य करतोय. पाय पळताना बाहेरून पूर्ण दिसतात, तिथे लपलेलं काही उरत नाही. समजण्याची आतली बाजू बाहेरून दिसत नाही, भूलवालींच्या स्कॅनरमधली ती मुलगी काहीच न हलता ऐकत होती. मेंदूतला भाग उजळला हे डॉक्टरांना दिसलं, तिला काय वाटत होतं ते कुणालाच दिसलं नाही.

भूलवाली :

तिच्यानंतरचं सांगते, कारण यात वादापेक्षा पुढचं काहीतरी झालंय. ओवेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तशाच अवस्थेतल्या एका पुरुषाला सांगितलं की हो म्हणायचं असेल तर टेनिसची कल्पना कर आणि नाही म्हणायचं असेल तर घरातून फिरत असल्याची. मग वडिलांचं नाव अमुक आहे का असले प्रश्न विचारले आणि त्याने सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. त्याला काय वाटतंय हे दिसत नव्हतं, पण आता त्याला विचारता येत होतं.